समस्त म्हणजे कोण, भाऊ?

भाऊ, परवा सकाळी तुमच्या कार्डाचा मजकूर आला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. रविवारी जलदानविधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्याचं कार्ड छापायचंय. ते तुमच्याच दुकानात, तुमच्याच कॉम्प्युटरवर मी करायचं, कारण दुसरं आहे कोण? सुजितने मोबाइलवर स्वतःच एक नमुना बनवून पाठवला. क्रीम रंग, कोपऱ्यात एक हिरवं पान, मधोमध तुमचा मोठा फोटो आणि खाली चार ओळी. तुमच्या नावाआधी 'स्वर्गीय'. बौद्ध घरातलं कार्ड आलं की 'कै.' आणि 'स्वर्गीय' खोडून 'कालकथित' लिहिण्यात तुमचं आयुष्य गेलं, आणि तुमच्या पोराने तुम्हाला एका बोटात स्वर्गात पाठवलं. अक्षरं ताणून लांब लांब ठेवल्यामुळे शिरोरेषेचे तुकडे झालेत. 'भावपूर्ण' वाचताना बोबडं बोलल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यात शेवटी काय, तर 'शोकाकुल : समस्त परिवार'.

समस्त! तुमच्या कार्डावर!

बरं, पोरावर चिडायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. मी फोन करून विचारलं, नावं कुठे आहेत? तो आंबीला कंपनीत होता. दोनच दिवस रजा मिळाली म्हणून चौथ्या दिवशी कामावर हजर झालेला, मागे मशिनचा खडखडाट. म्हणाला, "ताई, तुम्हीच पप्पांशी भांडायच्या ना, कार्ड मोकळं ठेवा, नावांची गर्दी नको म्हणून?" मी फोन ठेवला. तुम्ही असतात तर चहाच्या कपात तोंड घालून हसला असतात.

पान म्हणजे काय ते तुम्ही मला शिकवलंत. क्लासमध्ये मला कॉम्प्युटर शिकवला होता, पान नाही. अठरा वर्षांपूर्वी देहूरोडच्या या एका खोलीच्या दुकानात मी डीटीपीचं सर्टिफिकेट घेऊन आले, तर तुम्ही ते हातात घेतलंत आणि उलटं धरलंत. मला वाटलं, या माणसाला इंग्रजी वाचता येत नसावं. मग म्हणालात की खाली जागा कमी ठेवलीय, म्हणून शिक्का सहीवर बसलाय. माझ्या शिक्षणाविषयी तुम्ही बोललात ते एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ये म्हणालात.

एकोणिसाव्या वर्षापासून तुम्ही छापखान्यात जुळारी होतात, शिशाचे खिळे एकेक करून उलटे जुळवणारे. त्यामुळे पान वाचायच्या आधी बघायचं असतं, हे तुमच्या अंगात होतं. पान उलटं धरलं की वाचता येत नाही, मग काळं कुठे साचलंय आणि पांढरं कुठे उरलंय तेवढंच दिसतं. ती खोड मला लागली. मॉनिटर उलटा करता येत नाही म्हणून मी मान वाकडी करते आणि गिऱ्हाइकं विचारतात, मान धरली का मॅडम.

क्लासमध्ये मार्जिन, अलाइनमेंट, कॉन्ट्रास्ट असले शब्द पाठ केले होते. तुमच्याकडे त्यांना घरगुती अर्थ होते. समास म्हणजे अंगठ्याची जागा. कार्ड हातात धरलं की अंगठा कुठेतरी पडणारच, तो कुणाच्या नावावर पडू नये म्हणून कडेने जागा सोडायची. ज्याची गाठ ज्याच्याशी, त्याला त्याच्यापाशी बसवायचं. वेळ एका कोपऱ्यात आणि ठिकाण दुसऱ्या कोपऱ्यात टाकलं तर पाहुणा अगदी वेळेवर भलत्याच गावी पोचतो. दोन अक्षरांत फरक करायचा तर दणदणीत करायचा. बारा आणि तेरा पॉइंटच्या अक्षरात कुणाला फरक दिसत नाही, चूक दिसते. आणि मराठीच्या दोन ओळींमध्ये हवा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे मी तुमच्याकडून उचललं आणि त्यावर माझी दोन मुलं शिकली. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. आज मानते आहे, तर तुम्ही नाही. याचाही रागच येतो.

पण राग येण्यासारखं तुम्ही पुष्कळ केलंत. लोणावळ्याच्या हॉटेलचं मेनूकार्ड आठवतं? एका पानावर सहा-सात पदार्थ, बाकी सगळं पांढरं. मालक खूश झाला होता. मुंबईच्या कुणा पाहुण्याने त्याचे फोटो काढले आणि हे केलं कोणी म्हणून विचारलं. ते ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. दुसऱ्यांदा छापायला आलं तेव्हा मागच्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात मी टाकलं : मांडणी, रुबीना मुलाणी. तुम्ही प्रूफ बघितलंत आणि लाल पेनने त्यावर आडवी रेघ मारलीत. कारण विचारलं तर म्हणालात, कार्ड गिऱ्हाइकाचं असतं, आपलं नसतं, खाली दुकानाचं नाव आहे तेवढं बास. मी ते पुसलं. वरवर विसरलेही. पण भाऊ, निकाहनामा आणि आधार कार्ड सोडलं तर माझं नाव आजवर कुठे छापलं गेलेलं नाही. आणि मी दिवसाला शंभर नावं टाइप करते.

मग गेल्या महिन्यातलं आंबी गावातलं लग्न. ते कार्ड मी केलं. मुलीच्या वडिलांनी वहीची दोन पानं भरून नावं दिली होती. मी म्हटलं, हे कुणी वाचणार आहे का? थोरामोठ्यांची सात-आठ नावं ठेवली आणि बाकीच्यांना 'व समस्त परिवार' या दोन शब्दांत बसवलं. केवढं देखणं झालं होतं ते कार्ड! फोनवर दाखवलं, मुलीचे वडील गडबडीत हो म्हणाले, गठ्ठे घरी पोचले. दोन दिवसांनी एक बाई दुकानात आल्या. डोक्यावरून पदर, हातात कार्ड. मुलीची आत्या. मुलीची आई लवकर गेलेली, या आत्यांनीच पोरीला वाढवलेलं. वाचता येत नव्हतं. कार्ड तुमच्यासमोर ठेवून विचारलं, "भाऊ, ह्यात मी कुटं हाय ते दावा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी कीबोर्डकडे बघितलं. मग तुम्ही त्यांचं बोट धरून 'समस्त' या शब्दावर ठेवलंत. त्यांनी ते बोट शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"एवढ्याशात मी मावले व्हय?"

एवढंच म्हणाल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या गेल्यावर तुम्ही मला खुर्चीवरून उठवलंत, स्वतः बसलात आणि सगळं कार्ड पहिल्यापासून नव्याने जुळवायला घेतलंत. मला ते भयंकर लागलं. चूक माझी होती, दुरुस्त मी केली असती. शिकवणारे तुम्ही, मोकळी जागा सोड, पानाला श्वास घेऊ दे म्हणणारे तुम्ही, आणि मी तसंच केलं तर माझ्यासमोर माझं पान मोडून परत सगळी गर्दी भरायला बसलात. मी ते तोंडावर बोलले. शिकवायचं एक आणि करायचं दुसरं, असंही म्हणाले. महिनाभर आपलं तेच चाललं होतं. कुठलंही कार्ड आलं की मी नावं कापायची आणि तुम्ही परत घालायची.

तो शेवटचा सोमवार. परत कुणाच्या तरी नावांवरून जुंपली. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "आमच्या आज्याचं नाव कुटंच छापलं न्हाई, रुबीना. सातबाऱ्यावर बी न्हाई. मी जुळारी झालो तवा पयल्या आठवड्यात त्येचं नाव जुळवलं, कागदावर दाबलं आन आयला नेऊन दावलं. आन तू आमाला मोकळी जागा शिकवतीस?"

त्यातलं 'आमाला' मला झोंबलं. मी काय राजवाड्यातून आले होते? माझे आजोबा लष्कराच्या डेपोत ओझी उचलून म्हातारे झाले, त्यांचं नाव कुठल्या दगडावर कोरलंय? तुमच्या 'आमाला'मध्ये मीही होते, भाऊ, तुम्हाला दिसले नाही. हे सगळं मला म्हणायचं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते असं, की तुम्ही सगळ्या मावळाची नावं छापता आणि माझं एवढं एक... आणि तुम्ही उठून प्रिंटर चालू केलात. त्याच्या घरघरीत माझं उरलेलं वाक्य गेलं. तुम्ही ऐकलं नाहीत, की ऐकून बटण दाबलंत, हे मला आता कधीच कळणार नाही. गेला आठवडाभर मी याच एका गोष्टीवर डोकं आपटते आहे.

मंगळवारी मी आले नाही. ताप आल्याचा मेसेज टाकला. ताप नव्हता. बुधवार, गुरुवारही नाही. शुक्रवारी सकाळी तुम्ही दुकान उघडायला म्हणून निघालात आणि बेगडेवाडी स्टेशनच्या बाकावर बसलात ते उठलाच नाहीत. महिनाभर छातीत जळजळतं म्हणून जिऱ्याच्या गोळ्या चघळत होतात. डॉक्टरकडे जा म्हटलं की पित्त आहे म्हणायचात. इतरांच्या प्रूफातली एक वेलांटी चुकली तर तुम्हाला लांबून दिसायची, आणि स्वतःचं एवढं दिसलं नाही? वहिनींचा फोन आला तेव्हा मी घरी मटार सोलत बसले होते, रुसून. त्या मटारची भाजी झाली की नाही आठवत नाही.

असो. मुद्दा कार्डाचा आहे.

सुजितचं ते हिरव्या पानाचं कार्ड मी बाजूला ठेवलं आणि परवा दुपारी वही घेऊन बेगडेवाडीला वहिनींकडे गेले. म्हटलं, सगळी नावं सांगा, एकही सोडू नका. वहिनींनी वस्तीच्या एका टोकापासून घरं धरत धरत सांगायला सुरुवात केली. कोण तुमचा कोण, हे विचारलं की त्यांना थांबावं लागायचं. नातं नंतर आठवायचं, घर आधी. मध्येच रडायच्या, मध्येच एखाद्या चुलत दिराची नक्कल करायच्या. एकावन्न नावं झाली. जी बाई तुमच्याशी लग्न करून आल्यापासून तुम्हाला फक्त 'अवो' म्हणत आली, तिने पहिल्यांदा तुमचं पूर्ण नाव उच्चारून मला सांगितलं, आणि मी मान खाली घालून लिहून घेतलं.

काल सकाळी दुकानात बसले तर एकावन्न नावं काही केल्या सुजितच्या नमुन्यात बसेनात. अक्षर लहान केलं तर म्हाताऱ्यांना दिसणार नाही. ओळी जवळ घेतल्या तर उकार-वेलांट्यांची मारामारी. समास खाल्ला तर अंगठ्याखाली कुणीतरी जाणार. तीन रकाने केले, दोन केले, परत तीन केले. शेवटी चरफडत तुम्ही केलेलं आंबीचं कार्ड शोधलं. ते मी महिनाभर उघडूनही बघितलं नव्हतं, रागाने. फायलींना नावं द्यायची तुमची तऱ्हा जगावेगळी. 'मामा रुसला', 'तारीख बदलली', 'नवरा बुटका फोटो बसवून'. त्यातच सापडली, 'आंबी आत्या'.

भाऊ, तुम्ही समास खाल्लाच नव्हता. मला वाटलं होतं तुम्ही पान गच्च भरलं असेल. पट्टी लावून बघितलं, तर कडेची जागा माझ्याइतकीच. अक्षरही माझ्याइतकंच. दोन पानांची नावं होती, आत्यांचं नाव मुलीच्या नावाच्या अगदी जवळ होतं, आणि तरी पान मोकळं दिसत होतं. मान वाकडी करून बघितलं, तरीही मोकळंच. मग कळलं. तुम्ही वेलबुट्टीची चौकट काढली होती. दोन पोपट काढले होते, कलश काढला होता, ती चार ओळींची कविता काढली होती, माझी लाडकी सोनेरी पट्टी काढली होती. मी जागा करायला माणसं काढली आणि तुम्ही जागा करायला पोपट काढले. एवढंच होतं ते सगळं.

एवढंच होतं तर सांगितलं का नाहीत? एका वाक्याचं काम होतं. महिनाभर भांडलो आपण, तुम्ही आजोबांपर्यंत गेलात, मी माझ्या आजोबांपर्यंत जाता जाता राहिले, आणि मधल्या मध्ये हे एक वाक्य कुणी बोललं नाही. तुम्हाला वाटलं असेल, फाइल तिथेच आहे, उघडेल आणि बघेल. मी रुसून बसले आणि उघडली नाही. दोघांचीही अक्कल तिथेच संपली.

मग मी क्रीम रंग काढला. कोपऱ्यातलं पान काढलं. तुमचा फोटो निम्म्यावर आणला, त्याचा राग मानू नका, तुम्ही असेही फोटोत बरे दिसत नाही. एकावन्न नावं बसली. पत्नी, मुलगा, सून, बहिणी, पुतणे, भाचे, नातवंडं, प्रत्येक नात्याखाली ज्याची त्याची माणसं. कडेने अंगठ्याची जागा राहिली.

संध्याकाळी प्रूफ घेऊन वहिनींकडे गेले. सुजितही कामावरून आला होता. त्याला कार्ड दाखवलं. त्याने ते लांब धरून बघितलं आणि म्हणाला, "एवढी नावं असूनही क्लीन दिसतंय, ताई." मी म्हटलं, तुझ्या बापाने केलंय. मग मोठ्याने वाचायला घेतलं, आपण वाचायचो तसंच, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ नाही, पण घराण्याचा क्रम चुकला होता, तो त्यांनी बरोबर पकडला. एकावन्न संपली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"म्होरं वाच."

मी म्हटलं, संपली, वहिनी.

"आन तुजं?"

मी म्हटलं, हे घरच्यांचं असतं. सुजित चटकन म्हणाला, टाका ना ताई, पण कुठल्या नात्यात टाकायचं? प्रश्न सरळ होता, त्याच्या मनात काही नव्हतं. आम्ही तिघांनी कार्डाकडे बघितलं. मुलगी म्हणावं तर मुलगी नाही. बहीण म्हणावं तर तुमच्या बहिणी खऱ्याखुऱ्या तिथे ओळीने होत्या. मित्रपरिवार म्हणजे परत समस्तच की. वहिनी म्हणाल्या, "तुजं तू बग बाई. नावं बसवायचं काम तुजं हाय."

अठरा वर्षांत तुम्ही मला सगळ्यांना जागा करून द्यायला शिकवलंत. रुसलेल्या मामांना, लांबच्या साडवांना, ज्यांना कार्ड वाचताही येत नाही त्यांना. ज्याची गाठ ज्याच्याशी, त्याला त्याच्यापाशी बसव म्हणालात. माझी गाठ कुणाशी, हे सांगायची वेळ आली तेव्हा तुम्ही प्रिंटर चालू केलात.

आज सकाळी बसवलं. नातवंडं संपल्यावर एक ओळ रिकामी सोडली आणि त्याखाली नाव टाकलं, रुबीना मुलाणी. बाकीच्यांचं आहे तेच अक्षर, तीच साइज. वर कुठलं नातं लिहिलं नाही. लाल पेन टेबलावरच होतं, पण रेघ मारणारं कुणी नव्हतं. दुपारी कार्डं छापून झाली. रविवारी तुमची सगळी माणसं ती हातात घेऊन बसतील आणि एकमेकांना विचारतील, ही कोण? मी काही बोलणार नाही, भाऊ. ते तुम्ही सांगायचं होतं.